आतला खिसा

आमच्या घरात कागदावर सही करणं हा एक कार्यक्रम असे. बाबा आधी हात धुवायचे, मग चष्मा मागायचे, मग कागद उलटा करून मागची बाजू बघायचे. ती कोरी असली की त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढायचा, कारण कोऱ्या जागेत नंतर कोणीही काहीही लिहू शकतं. म्हणून ते पट्टी घेऊन मागच्या बाजूवर एक आडवी रेघ मारून ठेवत आणि मगच पुढे सही करत. दादाचं प्रगतिपुस्तक ते खिडकीशी नेऊन उजेडात धरत, आकडा कुठे ब्लेडनं खरडलाय का ते कळावं म्हणून. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला ते ओट्यावर बसवून ठेवत आणि सिलिंडर स्वतः हलवून बघेपर्यंत उठू देत नसत. लग्नपत्रिकासुद्धा ते छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढत. आई म्हणायची, "अहो, जेवायला बोलावलंय त्यांनी, शेत नाही लिहून मागितलं."

या तपासणीतून घरातलं एकच माणूस सुटलेलं होतं, ते म्हणजे मी. सहावीत असताना मी गणितात नापास झाले होते. घरी आल्या आल्या, दप्तर खांद्यावर असतानाच, मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. बाबांनी प्रगतिपुस्तक हातात घेतलं आणि न उघडताच आईला म्हणाले, "जे आहे ते वंदूनं सांगितलंय, आता त्यात वाचायचं काय?" आणि सहीच्या रकान्यापुरतं पान उघडून सही केली. तेव्हापासून मी आणलेला कागद ते वाचत नसत. सहलीचं संमतिपत्र असो, शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, मी बोट ठेवीन तिथे 'म. रा. बोंडे' असं ठसठशीत उतरायचं. दादाचा याच्यावर फार जळफळाट व्हायचा आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा.

आम्ही हिंदी मुलखात, पिपलानीत, विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड असलेलं अंगण आणि आईनं कुंपणावर चढवलेला वालाचा वेल. बाबा मूळचे अमरावतीकडचे, आयटीआय करून इथे लागले आणि कॉइल वाइंडिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या गुंडाळणीच्या विभागात, त्यांचा हात बसला. हात बसला असंच तिथे म्हणत. धरणावरच्या वीजघरात जे अवाढव्य जनित्र फिरतं, त्यात तांब्याचे माणसापेक्षा उंच बार बसवतात. त्या प्रत्येक बारवर अभ्रकाची टेप गुंडाळायची, थरावर थर, आधीच्या पट्टीवर अर्धी चढवून. मग त्यात प्रचंड दाबाची वीज सोडून परीक्षा होते. गुंडाळणीत केसाएवढी फट राहिली तरी ठिणगी फुटते आणि अख्खा बार फुकट जातो. बाबांचा बार फुटलाय असं मी कधी ऐकलं नाही. कपड्यांना कायम वार्निशचा वास, आणि हाताला गुंडाळण्याचा चाळा. आमच्या घरात वाकडी वस्तू उघडी नसे. छत्रीची मूठ, किटलीचा कान, बादलीची कडी, सायकलचं हँडल, सगळ्यांवर सुती पट्टी अशी बसवलेली की तिचं टोक कुठे संपलं ते नखानंही सापडू नये. आई कुरकुरायची, की या माणसाच्या तावडीतून एक माझी वेणी तेवढी सुटली.

दर थंडीत आणखी एक गोष्ट व्हायची. आई जवाहर चौकातून जाड कापड आणून बाबांसाठी नवी बंडी शिवायची आणि तिला डाव्या बाजूला, छातीशी, आतून एक खोल खिसा लावायची. हा खिसा नेहमी तिच्या जुन्या लुगड्याच्या नाहीतर परकराच्या तुकड्याचा असे, कारण बाबांना तो मऊ लागत असे. बाहेरून काही दिसत नसे. आई समजायची की तंबाखूच्या डबीसाठी आहे. मला मात्र खरं कारण माहीत होतं. नववीत असताना एका जानेवारीतल्या सकाळी मी छत्रीच्या मुठीवर पट्टी गुंडाळून पाहत होते. सरळ भागावर छान बसली, पण वाकावर आली की आतल्या अंगाला चुण्या पडत आणि बाहेरच्या अंगाला फट. बाबा बघत होते. त्यांनी ती खळ घातलेली कडक पट्टी माझ्या हातातून घेतली, आपल्या काखेत धरली आणि चहा पिऊन होईपर्यंत तशीच ठेवली. मग वाकाशी येताच ताण सोडला, दोन वेढे अंगठ्यानं मागे ढकलले आणि पुन्हा ओढली. पट्टी मुठीवर लोण्यासारखी बसली.

"अभ्रकाची टेप थंडीत कडक होते," ते हळूच म्हणाले. "वाकावर तडकते. वरून दिसत नाही, आत तडकते. भट्टीजवळ ठेवली तर पार चिकट होऊन बसते. अंगाच्या उबेत अर्धा तास राहिली की शहाण्यासारखी वागते. हे कोणाला सांगायचं नाही."

"मिश्राकाकांना पण नाही?"

"मिश्राला तर नाहीच."

मिश्राकाका म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधले, बाबांच्याच शॉपमधले, त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून कामाला जाणारे, आमच्या घरची पाटवडी आवडते म्हणून रविवारी हमखास डोकावणारे. बाबांचे ते सगळ्यात जवळचे मित्र होते. जवळचा माणूसच शिकून घेतो, लांबच्याला काय पडलंय, असा बाबांचा हिशेब होता.

मी अकरावीत गेले त्या सुमाराला टाउनशिपची हवा बदलली. तोवर वीज मंडळांचे लोक बारसाठी, जनित्रांसाठी आमच्या कारखान्याकडे रांगेत उभे असायचे, असं बाबा सांगत. आता बाहेरच्या देशांतल्या कंपन्या इथे येऊन टेंडर भरू लागल्या. तिथल्याच शिवाजी नगरातला माझा मामा राज्य सरकारच्या खात्यात कारकून होता. तो दर रविवारी येताना वर्तमानपत्राची कात्रणं आणायचा आणि जेवताना वाचून दाखवायचा. "भाऊजी, जर्मन येताहेत, जपानी येताहेत. तुमचं दुकान आता कठीण आहे." बाबा वरणात भात कालवत राहायचे. मामाच्या आवाजात काळजी होती की समाधान, हे मला तेव्हाही कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर आजही नाही. अफवांना तर ऊत आला होता. कोणी म्हणे अर्धा कारखाना विकणार, कोणी म्हणे क्वार्टर खाली करावी लागणार. शेजारच्या बायका सरकारी नळावर कुजबुजत आणि आई जवळ गेली की वालाच्या शेंगांचं बोलू लागत. आईला वाटायचं, यांना काहीतरी माहीत आहे. पुढे कळलं की त्यांनाही आईबद्दल तसंच वाटत होतं.

मग शॉपमध्ये परदेशातून टेप गुंडाळणारं एक यंत्र आलं. बाबा आठवडाभर घरात बोलले नाहीत. आठव्या दिवशी जेवता जेवता एकदम हसले. "सरळ जागी घोड्यासारखं धावतं," ते म्हणाले, "वाक आला की उभं राहतं. वाकावर अजून हातच लागतो." आईनं त्यांना आणखी एक पाटवडी वाढली. त्या दिवसापासून आमच्या घराचा सगळा भरवसा त्या बारच्या दोन टोकांच्या वाकांवर आला. सरळ भाग यंत्राचा, वाक बाबांचा.

यंत्रापाठोपाठ कागद आला. परदेशातली एक मोठी ऑर्डर मिळण्याची शक्यता होती, पण तिकडच्या लोकांना आधी एक प्रमाणपत्र हवं होतं, की या कारखान्यात प्रत्येक काम ठरलेल्या, लिहिलेल्या पद्धतीनं होतं. शॉपमध्ये जागोजाग पाट्या लागल्या. माथुर नावाचे एक तरुण इंजिनिअर साहेब हातात फायली घेऊन प्रत्येकाच्या मागे फिरू लागले. जे करता ते लिहून द्या, आणि जे लिहून दिलं तेच करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ऐकायला किती साधं. बाबा घरी येऊन म्हणाले, "मला काढायचं नाही म्हणताहेत. फक्त माझ्या डोक्यातलं काढून घ्यायचं म्हणताहेत. मग मी राहिलो काय आणि गेलो काय."

इथे मला थांबून सांगायलाच हवं, की पुढे नोकरीभर मी हेच काम केलं. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत जाऊन, जुन्या माणसांच्या शेजारी स्टूल टाकून, 'तुम्ही हे कसं करता' असं विचारायचं आणि लिहून काढायचं. ते न करणारे कारखाने बंद पडलेले मी पाहिलेत, तेव्हा त्याची गरज मला कोणी समजावून सांगायला नको. पण समोरचा काहीतरी राखून ठेवतोय हे मला लगेच कळतं. तो शेवटचा मुद्दा सांगून जरा घाईनं 'झालं' म्हणतो आणि स्वतःच्या हातांकडे बघतो. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी ते आमच्या मागच्या अंगणात शिकले.

कारण बाबांचा कागद मीच लिहिला. त्यांचं हिंदी बोलण्यापुरतं चांगलं होतं, लिहिताना मात्र मराठी घुसायचं, आणि माझं अक्षर टाउनशिपच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहिण्याइतकं चांगलं होतं. रविवारी जेवण झाल्यावर पेरूच्या झाडाखाली चटई टाकून ते मराठीत सांगत गेले आणि मी हिंदीत उतरवत गेले. बार कसा पुसायचा, टेपची कोणती बाजू आत, किती चढवायची, थर कसे मोजायचे. दहा मुद्दे झाले. मी अकरावा आकडा घालून पेन धरून बसले.

"झालं," बाबा म्हणाले आणि हाताच्या बोटांकडे बघू लागले.

"बाबा, खिसा?"

"कुठला खिसा?"

"ऊब द्यायची, आणि वाकावर सैल सोडायचं..."

"तसलं काही नसतं," ते म्हणाले. "अकरा खोडून टाक आणि उद्या शाळेतून आल्यावर नीट उतरवून काढ. मंगळवारी द्यायचाय."

मी अकरा खोडला. पण सोमवारी कोऱ्या कागदावर उतरवताना दहावा मुद्दा संपला आणि पेन थांबेना. मी स्वच्छ लिहिलं: टेपचं भेंडोळं काम सुरू करण्याआधी अर्धा तास कपड्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावं, वाकाशी ताण सोडून दोन वेढे अंगठ्यानं मागे सारावेत, मग पुन्हा ओढावं. खाली मी त्या वाकाचं छोटं चित्रही काढलं. का केलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाबांसाठीच केलं. हा कागद वाचून दुसरा कोणी बार करील, थंडीत तो तडकेल, आणि खाली सही बाबांची असेल, ही भीती मला खरोखरच वाटत होती. मामाची कात्रणंही डोक्यात होती. बाबांच्या लपवालपवीमुळे ऑर्डर गेली आणि आम्हाला क्वार्टर सोडावी लागली तर, असंही मनात येऊन गेलं. हे सगळं खरं आहे. पण त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि या वयात ती लपवून काय करायचंय? ते कसब मला माहीत होतं, फक्त मला, आणि मला ते किती नीट लिहिता येतं हे कोणीतरी बघावं असं मला वाटत होतं.

मंगळवारी सकाळी आई डबा भरत होती, अंगणातून मिश्राकाका "बोंडेजी, चलिए" म्हणून हाक मारत होते, आणि मी कागद बाबांपुढे धरून सहीच्या जागी बोट ठेवलं. त्यांनी स्कूटरची किल्ली दातात धरली, कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. चष्मा तर वरच्या खिशातच होता. अजूनही सांगता आलं असतं. मी कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली.

प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा कडाक्याची थंडी होती. बाबा नव्या बंडीवर शॉपचा निळा कोट घालून गेले. तिथे काय झालं ते मी मिश्राकाकांच्या तोंडून ऐकलं, आणि तेही बाबांच्या देखत. संध्याकाळी ते सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आले, हातात जिलब्यांचा पुडा. बाबा मागे, स्कूटर लावत होते.

"भाभीजी, मुँह मीठा कीजिए! आज तो बिटिया ने मैदान मार लिया!"

आईला काही कळेना. मिश्राकाकांनी खुर्चीवर बैठक मारून सगळं रंगवून सांगितलं. तपासणीला दोन माणसं आली होती, एक कलकत्त्याचा आणि एक गोरा. गोरा बाबांच्या शेजारी उभा राहिला. कलकत्तेकर माझा कागद हातात धरून एकेक मुद्दा इंग्रजीत सांगायचा आणि गोरा बाबांचे हात बघायचा. एक ते दहा अगदी बरोबर. बाबा निर्धास्त होते. टेप त्यांनी नेहमीप्रमाणे कोणी यायच्या आधीच खिशातून काढून हाताशी ठेवली होती. मग कलकत्तेकर म्हणाला, ग्यारह. त्यानं तो वाचला आणि कागद न वाचताच फायलीला लावणाऱ्या माथुर साहेबांना विचारलं, की हा खिसा कुठे आहे?

"माथुर साहब तो हक्के-बक्के," मिश्राकाका म्हणाले. "बोले, बोंडेजी, ये आप ही का लिखा है? बोंडेजी ने कागज़ हाथ में लिया, देखते रहे, देखते रहे. फिर गोरा बोला, दिखाइए. तो भाभीजी, इन्होंने कोट के बटन खोले, फिर बंडी के, और खीसा बाहर निकाला. गुलाबी फूलोंवाला! पूरी शॉप हँस पड़ी. गोरे ने ताली बजाई. बोला, पूरी दुनिया घूमा हूँ, ऐसी चीज़ नहीं देखी. अपना सर्टिफिकेट पक्का समझिए!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और बिटिया, तुम्हारी लिखावट! साहब बोले, इसको फ्रेम करवाएँगे."

बाबा दारात उभे होते. गुलाबी फुलांचा तो तुकडा आईच्या परकराचा होता. आईनं पदर तोंडाला लावला, तिला लाज वाटली की रडू आलं ते मला दिसलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते, ओरडले असते, तर किती बरं झालं असतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. सिलिंडर आणणाऱ्याकडे ते बघत तशी ती नजर होती, वजन बरोबर आहे ना असं विचारणारी. मग ते हात धुवायला आत गेले. जिलब्या मिश्राकाकांनीच संपवल्या.

ऑर्डर आली. क्वार्टर कोणी खाली करवून घेतल्या नाहीत. माझ्या हातचा कागद टंकलिखित होऊन शॉपच्या भिंतीवर लागला, चित्र मात्र मी काढलेलंच ठेवलं. टेप ठेवायला एक गरम कपाट आलं, अंगाएवढ्याच उबेचं, आणि मग नवीन मुलांचेसुद्धा बार थंडीत तडकेनासे झाले. बाबांना कोणी काढलं नाही, उलट त्या मुलांना शिकवायचं काम दिलं. ते मन लावून शिकवत, असं मिश्राकाका सांगत. काही वर्षांनी वाकावरही फिरणारा हात असलेलं यंत्र आलं. वाइंडिंगमधून निवृत्त झालेल्यांच्या जागा मग भरल्याच नाहीत. म्हणजे बाबांचा संशय खरा होता, आणि त्याचबरोबर माझा कागद नसता तर कदाचित यंत्र यायलाही कारखाना उरला नसता. या दोन्हींपैकी कुठलं वजनदार, हे मला ठरवता आलेलं नाही. कारखान्यांतली माणसं नोकरीभर मला हेच विचारत आली आणि मी पगार घेऊन त्यांना फार ठामपणे उत्तरं देत आले.

पुढच्या थंडीत आईनं नवी बंडी बेतायला घेतली. खिशासाठी तिनं मुद्दाम पांढरा साधा तुकडा बाजूला काढला होता, फुलं नसलेला. बाबा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"खिसा लावते हं," आई म्हणाली.

"नको," बाबा म्हणाले. "आता कपाट आहे."

आईनं तो तुकडा घडी करून परत ट्रंकेत ठेवला. मी आत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, मला सगळं ऐकू आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आला. सकाळची वेळ, बाबा निघायच्या घाईत, बाहेरून मिश्राकाकांची हाक. मी नेहमीसारखा फॉर्म पुढे धरला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. बाबांनी किल्ली परत खिळ्याला लावली. मिश्राकाकांना ओरडून सांगितलं, "आप बस से निकलिए, मैं बाद में आता हूँ." मग ते मोरीवर जाऊन हात धुऊन आले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि म्हणाले, "वंदू, चष्मा दे."

मी चष्मा दिला. त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, माझं नाव, माझी जन्मतारीख, माझे गुण, बारीक अक्षरातल्या सूचना, सगळं. मग कागद उलटा केला, पट्टी मागितली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ मारली.